उभ्याची झोप

माझी बायको घोड्यासारखी उभ्यानं झोपते, अशी मी मेहबूब टांगेवाल्याशी शर्त लावली. माघातली सकाळ होती. लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीसमोर धुकं असं बसलंतं की नागफणीचा डोंगर कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकलाय. मेहबूबचा सुलतान टांग्याच्या दांड्यांमधी उभा होता, मागचा एक पाय जरासा मुडपून, खालचा ओठ लोंबता, डोळे अर्धे. रुळांच्या गँगमधला रखमाजी दातण करत ओट्यावर बसलावता. त्यानं विचारलं, "मेहबूबभाई, ह्यो जागाय का मेलाय?" मेहबूब म्हणला, "झोपलाय. घोड्याच्या गुडघ्याला आतनं खीळ असती. ती लागली की उभ्यानं झोप. माणसाला न्हाई तसली खीळ. माणूस झोपला की पडला." आता माझ्या तोंडाला तर कसलीच खीळ न्हाई. मी म्हणलो, "आमची झुंबर झोपती की! रोज नळावर. घागर भरेस्तवर एक झोप काढून घेती." रखमाजी दातण थुंकून हसला. "ह्यानं बायकोला पण सोडली न्हाई!" मग काय, हसू आलं की मला पुढचं सुचतं. ठरलं असं: दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर नळावर आली, तिचा डोळा लागला, की मी शंभर आकडे मोजायचे. तेवढ्यात ती पडली न्हाई तर मेहबूबनं घोडा व्हायचं, पडली तर मी. घोडा व्हायचं म्हणजे बाजारच्या दिवशी टांग्याच्या दांड्या स्वतःच्या हातात घेऊन भर पेठेतनं स्टेशनापत्तूर टांगा ओढायचा. जिंकणारा आत बसणार आणि सुलतान शेजारनं मोकळा चालणार, मालकासारखा.

माझी ख्यातीच तशी होती. मी स्टेशनच्या केबिनीत सांधेवाला, बारा तास लिवर ओढायचे, गाडी कुठल्या रुळावर जायची ते माझ्या दंडावर. उरलेले बारा तास मी लोकांना भलत्या रुळावर घालायचो. मुंबईहून हवा खायला आलेली मंडळी फलाटावर उतरली की मी त्यांना सांगायचो, नागफणीकडं तोंड करून तीन वेळा शिंका, डोंगर उत्तर देतो. एकदा अख्खं एक लग्नाचं वऱ्हाड फलाटावर शिंकत उभं होतं. रखमाजीचं धोतर मी बाकड्याला बांधलंतं आणि त्याला हाक मारलीती, "रखमाजी, साहेब आला!" झुंबरला वडिवळ्याहून लग्न करून आणली तेव्हा ती सतरा वर्षांची, गाडी तिनं लांबनंच बघितलेली. मी तिला सांगितलं, हितली रीत हाय, गाडी गेली की घरातल्या बाईनं दारात येऊन हात जोडायचे, न्हाईतर घाटात गाडी चढत न्हाई. महिनाभर ही बाई हातातलं पीठ तसंच, दर गाडीला दारात येऊन हात जोडायची. दिवसाला वीस-वीस गाड्या. शेवटी चाळीतल्या बायकांनी तिला खरं सांगितलं. मला वाटलं आता रडते. ती इतकी हसली की उंबऱ्यावर खालीच बसली, हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी, पिठाचे हात गालाला, आणि म्हणली, "अवो, पण चढत होत्या की नव्हत्या गाड्या?" तिचं ते हसणं कधी थांबलं, कुठल्या साली, कुठल्या दिवशी, मला आठवत न्हाई. लय आठवून बघितलं. गाडी लेट झाली तर आमच्याकडं मिनिटासकट लिहून असतं.

दुसऱ्या दिवशी आमी तिघं टांग्याआड लपलो. चाळीतल्या चार-सहा बायकांना मी आधीच सांगून ठेवलंतं, म्हणून त्या पदर तोंडात कोंबून उभ्या. झुंबर आली. एक घागर कमरेवर, एक हातात, पाय ओढत. नळाला पाणी करंगळीएवढं. तिनं घागर खाली लावली, डावा हात नळाच्या खांबावर टेकला, मान जराशी कलली. झालं. इतक्या पटकन की मेहबूबच्या तोंडनं "या अल्ला" गेलं. मी बोटांवर मोजायला लागलो. पन्नासाला घागर भरून वाहायला लागली. पाणी तिच्या पायांवरनं जात होतं, माघातलं पाणी, आपण बोट घातलं तर ओढून घेऊ असलं, आणि ती हलली न्हाई. मेहबूबची बायको खतीजा हळूच म्हणली, "बजरंगभाऊ, ऱ्हाऊ द्या ना. झोपू द्या बिचारीला." मी तिला बोटानं गप केली. साठाला मी टांग्याच्या चाकाआडनं थोडा पुढं झालो आणि मला तिचं तोंड दिसलं. माझ्या बायकोचं झोपलेलं तोंड मी सहा वर्षांत बघितलं नव्हतं. मी झोपायचो तेव्हा ती जागी, मी उठायचो तेव्हा ती जागी. आता नळापाशी ते तोंड उघडं पडलंतं, कपाळावरची आठी सुटलेली, ओठ जरासे विलग, आणि त्याच्यातनं ती सतरा वर्षांची पोरगी बाहेर आलेली. तितंच थांबायला पाहिजे होतं. पुढं होऊन घागर बाजूला घ्यायची, खांद्याला हात लावायचा, बस. पण सगळे माझ्याकडं बघत होते. माणसं माझ्याकडं बघत असली की मी मी नसतो. शंभर झाले. ती उभी होती. मेहबूबनं कानाला हात लावला, रखमाजीनं मला पाठीत धपाटा घातला. शर्त जिंकली. आणि जिंकल्यावर मला वाटलं, ह्याला शेवट पाहिजे. नळाशेजारी कुणाची तरी घासून पालथी घातलेली थाळी होती. मी ती उचलली आणि दगडानं तीन ठोके मारले.

तीन ठोके म्हणजे काय, ते त्या जागेवर माझ्या आणि तिच्याइतकं कुणी जाणत नव्हतं. माझे वडील, आबा, सहा वर्षांमागं अर्ध्या अंगानं गेले. वळवणच्या धरणावर दगड फोडलेला माणूस, एका हातानं सुंभाचा पलंग उचलायचा, तो एका सकाळी तोंड धुताना भिंतीला टेकला तो टेकलाच. उजवा हात, उजवा पाय, जीभ, सगळं गेलं. डावा हात राहिला. बोलता येईना, नुसता घरघर आवाज. घरात सगळी गांगरलेली, आणि मला त्यात पण गंमत सुचली. केबिनीत आमची घंटा असते, पुढल्या स्टेशनाचा माणूस तिकडनं ठोके पाठवतो, इतके ठोके म्हणजे मेल, इतके म्हणजे मालगाडी. मी आबांच्या डाव्या हातात पळी दिली, खाटेला जर्मनची थाळी टांगली, आणि शिकवलं: एक ठोका पाणी, दोन ठोके कूस बदला, तीन ठोके घसरलो, लवकर या. आबांच्या वाकड्या तोंडावर त्या दिवशी हसू आलं. अख्खी चाळ बघायला आली. रखमाजी म्हणला, "बजरंगानं घराचं स्टेशन केलं." मी फुगलो. फक्त एवढं बघितलं न्हाई, की घंटा वाजली तर केबिनीत उठणारा माणूस कोण. मी बारा तास तिकडं. हितं एकच माणूस, आणि तिला सुट्टी न्हाई.

थाळी वाजली आणि झुंबर झोपेतनंच धावली. डोळे उघडायच्या आधी पाय निघाले. "आले, आबा" असं काहीतरी म्हणली. नळाखालचा दगड शेवाळलेला, त्यावरनं पाय गेला आणि ती गटाराच्या काठावर आडवी आपटली. पहिल्या क्षणाला बायका हसल्या, हे मला खरं सांगितलं पाहिजे, कारण मी पण हसलो. मग आवाज कानात शिरला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. मी पळालो. तिचा पाय मांडीपासनं भलताच वळलावता. "ऊठ, अगं ऊठ," मी म्हणत होतो, उठणार कशी ती. तिनं डोळे उघडले. मला वाटलं शिव्या देईल, किंचाळेल. ती माझ्याकडं ओळख नसल्यासारखी बघत म्हणली, "थांबा. जरा पडू द्या. आबांना सांगा, आलेच." आणि गाल त्या ओल्या दगडावर नीट टेकवला, उशीवर टेकवतात तसा. तिच्या तोंडावर सुख होतं. मी खोटं बोलून आयुष्य काढलंय, पण हे खोटं सांगत न्हाई. पाय मोडलेल्या बाईच्या तोंडावर, आडवं व्हायला मिळालं म्हणून, सुख होतं.

हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या बांधल्या, कसलासा लेप लावला, म्हणला चाळीस दिवस हलायचं न्हाई. मी पंधरा दिवसांची बिनपगारी रजा काढली आणि आबांचं सगळं माझ्या अंगावर आलं. आल्यावर कळलं म्हणणं सोपं हाय. मला कळलं न्हाई, माझ्या पाठीला कळलं, मनगटांना कळलं, नाकाला कळलं. पहिल्या दिवशी आबांचं अंग पुसताना मी दोनदा बाहेर जाऊन ओकलो. झुंबर भिंतीकडच्या पथारीवर पडल्या पडल्या सांगत होती, "आधी पाठीखाली हात. असा न्हाई, कोपरापत्तूर. आता कुशीवर. दमानं." मी विचारलं, "तू एकटी कशी वळवायचीस?" ती म्हणली, "गुडघा टेकून." मग थोड्या वेळानं म्हणली, "तुमचे वडील. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी पडू दिला न्हाई. पुसायची येळ आली की मी पदर इतका पुढं ओढायची की मला नुसते माझे हात दिसायचे. आन आबा डोळे मिटून घ्यायचे. सहा वर्षं आमी दोघांनी एकमेकांना बघितलं न्हाई." माझ्यासमोर आबांनी डोळे मिटले न्हाईत. टक लावून बघत राहिले, त्यांच्या चांगल्या डोळ्यातनं पाणी उशीत चाललंतं, आणि डावा हात पळी शोधत होता. त्यांना ती पाहिजे होती. मला पण तीच पाहिजे होती. त्या खोलीत दोन बाप्ये होते आणि दोघांनाही एकच बाई पाहिजे होती, आणि ती कामट्यांत बांधलेली.

दमणं मला माहीत होतं असं मला वाटायचं. केबिनीत बारा तास लिवर ओढून खांदे उतरायचे. पण आमची एक रीत हाय. बदलीचा माणूस आल्याशिवाय केबीन सोडायची न्हाई, मग आग लागू दे. तो येतो, वहीत वेळ लिहितो, लिवरवर हात ठेवतो आणि म्हणतो, "घेतली." आपण म्हणायचं, "दिली." त्या एका शब्दावर अंगातनं काहीतरी उतरतं, जिना उतरेस्तवर डोळे जड होतात. एकदा बदलीवाला सोपान तापानं पडला आणि चार तास उशिरा आला. ते चार तास मी आजपत्तूर विसरलो न्हाई. काम काहीच नव्हतं, दोन गाड्या. पण कान घंटेकडं, आणि जिन्यावर पाऊल वाजत न्हाई. महिनाभर मी सगळ्यांना सांगत फिरलो, घरीसुद्धा सांगितलं, ताटावर बसून, दोनदा. झुंबर भाकरी थापता थापता ऐकत होती. "चार तास?" एवढंच म्हणली. तेव्हा तिच्या सहा वर्षांतली तीन झालती. जिन्यावर पाऊल वाजण्याची ती वाट बघत होती, आणि पावलाचा मालक समोर बसून भाकरी मागत होता.

अकराव्या का बाराव्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी पेज ढवळत उभा होतो. धूर, पेजेचा बुडबुड आवाज, बाहेर शंटिंगचे डबे आपटत होते. एकदम चरचर झालं, पेज उतून चुलीत, माझ्या हातातला डाव राखेत. मी डोळे उघडले. उघडले म्हणजे मिटलेले होते. पथारीवरनं झुंबर माझ्याकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. "एक्याऐंशी," ती म्हणली. मला समजेना. "शंभराला एकोणीस कमी पडले तुमी. सुलतानाची सर न्हाई." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. बायकांनी सांगितलं असणार, शर्त, घोडा, शंभर आकडे, सगळं. मला वाटलं ती हसेल, निदान तोंडाचा कोपरा हलेल. तिनं फक्त मान भिंतीकडं केली. "निवलेली पेज द्या आबांना. गरम पेजेनं त्यांच्या तोंडाला पोळतं, त्यांना सांगता येत न्हाई."

आता मला वाटलंतं, पडून आहे तर झोपेल तरी. चाळीस दिवस आयती झोप. पण तिची झोप गेलतीच. दुपारी मी बघायचो, डोळे मिटलेले, आणि पदराआड बोटं हलतायत. आबांनी कूस बदलायच्या आधी तिला कळायचं. "आता दोन वाजतील," म्हणायची, म्हणजे दोन ठोके, आणि वाजायचे. मी थाळी काढून फळीवर ठेवली, पळी रखमाजीच्या घरी लपवली. मग तिला न वाजलेली थाळी ऐकू यायला लागली. दचकून उठायची, हातांवर जोर देऊन, कामट्या करकरायच्या. "वाजली न्हाई ग." "वाजली. तुमाला ऐकू आली न्हाई." ज्या बाईला कोळशाचे डबे आपटलेले ऐकू येत नव्हते तिला फळीवरची गप थाळी ऐकू येत होती. मी तिच्याजवळ बसलो. मला दुसरं काही येत न्हाई, मला एवढंच येतं, म्हणून केबिनीतल्यासारखं म्हणलो, "घेतली." तिनं विचारलं, काय. मी समजावून सांगितलं, "आबा माझ्याकडं. घेतले मी. तू फक्त 'दिली' म्हण आन झोप." ती माझ्याकडं बघत राहिली, मग दाराकडं, मग खिडकीकडं, आणि हळूच म्हणली, "आज कोण लपलंय? मेहबूबभाई का रखमाजी?"

हे चाकू लागल्यासारखं लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते बरोबर होतं. एकदा मी असंच म्हणलोतो तिला, आबांच्या पहिल्या वर्षी. "झोप जरा, मी बघतो." ती बिचारी भिंतीकडं तोंड करून निजली. बाहेर रखमाजीनं पत्ते मांडलेले, मी म्हणलो दोन डाव. आबा खाटेवरनं खाली आले, पळी हातात तशीच. ती उठली तेव्हा ते तासभर जमिनीवर होते. आणि मी ती गोष्ट फलाटावर हसत सांगितली, "आमचे आबा स्टेशन आलं म्हणून उतरले." तेव्हापासनं माझ्या तोंडच्या "झोप"वर ती झोपली न्हाई. मी रोज म्हणायचो. सकाळी, दुपारी, रजा संपून कामावर जाताना खतीजाभाभीला बसवून, घरी येऊन बूट काढायच्या आधी: "घेतली." ती मान हलवायची, जशी गाडीला हात जोडायची तशी, माझं मन राखायला. "दिली" म्हणली न्हाई. खोट्या माणसाला बदली म्हणून कोण चार्ज देईल? मी पण दिला नसता.

चाळीस दिवस झाले, कामट्या सुटल्या. पाय आखूड झालावता. ती काठी धरून उभी राहिली, उंबऱ्यापत्तूर गेली आणि म्हणली, "मला वडिवळ्याला पोचवा. दादाकडं. तितं थाळी न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला मी काहीतरी सोंग केलं असतं. वडिवळ्याला जायचं म्हणजे स्टेशनापत्तूर टांगा, कामशेतपत्तूर गाडी, पुढं दादाची बैलगाडी. मेहबूब बाजारच्या दिवशी टांगा घेऊन आला, आत गोधडी घातलेली. मी पुढं गेलो आणि सुलतानाचे पट्टे सोडायला लागलो. मेहबूब म्हणला, "हे काय?" "बाजारचा दिवस हाय. ठरलंतं." "बजरंगा, ती शर्त तू जिंकलास. शंभर झालते. घोडा मी व्हायला पाहिजे." "पडली तर मी, असं ठरलंतं. पडली ना?" तो म्हणला, "मी तर विसरलोतो बी." मी म्हणलो, "मी न्हाई विसरलो. जिंकणारा आत बसणार, तू बस." मेहबूबनं सुलतानाचा कासरा हातात गुंडाळला. "माझी जागा झुंबरभाभीला दिली. चल."

हे मी सांगतोय त्याला आता चार वर्षं झाली. आबा अजून आहेत, थाळी परत खाटेला टांगली, ठोके मी ऐकतो. झुंबर न्हाई. वडिवळ्याहून ती दोन महिन्यांनी आली, काठी टेकत, आणि आमी पाळ्या लावल्या, खऱ्या पाळ्या, भिंतीवर कोळशानं लिहून. खतीजाभाभीची एक, रखमाजीच्या बायकोची एक, उरलेल्या माझ्या. ती झोपायला लागली. थोडी हसायला पण लागली. पण आतलं काहीतरी आधीच संपून गेलतं, वरनं दिसत न्हाई असलं, आणि त्या साली पुसात नुसत्या तापाचं निमित्त झालं. त्या बाजारच्या दिवसापासनं दहा महिने जगली ती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो दिवस मला असा सांगायचाय की त्याच्यापुढं काही नसावं.

खतीजा तिला धरून आत बसली. मी दांड्या उचलल्या. झुंबरनं विचारलं, "आता हे काय नवीन?" आणि मान फिरवून चाळीच्या कोपऱ्यांकडं बघायला लागली. मी म्हणलो, "कुणी लपलं न्हाई. सगळी समोरच हायत." आणि ओढलं. टांगा जड नसतो, लागतो. पहिल्या वळणाला दांडीनं तळहात सोलला. पेठेत शिरलो तसा एकच गलका. सगळं लोणावळं मला ओळखत होतं. "बजरंग घोडा झाला रे!" "कुणाशी हरला?" "नाल मारलाय का?" एकानं गवताची पेंढी तोंडासमोर धरली. गुडदाणीवाल्यानं तुकडा पुढं केला, मी तो तोंडानं उचलून खाल्ला, तेव्हा बायका-माणसं पोट धरून हसली. शेजारनं सुलतान मोकळा चालत होता, खरोखर मालकासारखा. मला एक गोष्ट तेव्हाच कळली, की घोड्याला मागं कोण बसलंय ते दिसत न्हाई, पण दांड्यांत सगळं कळतं. कोण पुढं सरकलं, कोण टेकलं. माझ्या दांड्यांत ती ताठ बसलीती. काठी धरून, कुठल्याही क्षणी उतरायच्या बेतात.

तांबट आळीच्या तोंडाशी आलो. तितं दुकानात तांबट थाळी ठोकत होता. ठण, ठण, ठण. तीन. दांड्या एकदम हलक्या झाल्या, मागं वजन उठलं. ती उठायला निघालती, भर पेठेत, चालत्या टांग्यातनं. मी थांबलो न्हाई, मागं वळलो न्हाई. वळून बघितलं असतं तर तिला माझं तोंड दिसलं असतं, आणि माझ्या तोंडावर तिचा विश्वास नव्हता. तिला माझी पाठ दिसत होती, घामानं भिजलेली, आणि भोवतीनं हसणारं सगळं गाव. मी केबिनीतल्या आवाजात ओरडलो, "घेतली!" लोक आणखी हसले. "काय घेतली रे, बजरंगा?" मी परत ओरडलो, "घेतली!" तांबटाची हातोडी थांबली. चार पावलं. पाच. सहा. मग मागनं, इतकं हळू की चाकाच्या आवाजात बुडालंच असतं, ती म्हणली, "दिली."

आणि दांड्यांत वजन आलं. आधी थोडं, मग सगळं. मी असलं वजन जन्मात ओढलं नव्हतं. मेहबूबकडं बघितलं. त्यानं टांग्यात डोकावून बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. स्टेशन समोर होतं, पुण्याकडची गाडी फलाटाला लागत होती, कुणीतरी ओरडलं, "अरे, गाडी आली, पळ!" मी स्टेशनाच्या दारातनं टांगा वळवला आणि परत पेठेत घातला. रखमाजी पळत आला, "अरे, शर्त फिटली, ठरलं स्टेशनापत्तूरच होतं." मी मान हलवली. दुसऱ्या फेऱ्याला हसणारे कमी झाले. गुडदाणीवाल्यानं आरोळी गिळली. तांबट आळीपाशी हातोडी वाजली न्हाई. बाजारातली माणसं दोन्ही बाजूंना सरकून उभी राहिली, डोक्यावरच्या पाट्या उतरवून, आणि मी त्यांच्यामधनं सोललेल्या हातांनी ओढत राहिलो, स्टेशन, पेठ, परत स्टेशन. चाकं थांबली असती तर ती जागी झाली असती.